सही सकाळी घ्यावी

निवडणूक लागली की पुण्यात फ्लेक्सवर विशेषणांचं पीक येतं. उच्चशिक्षित, कार्यसम्राट, जनसेवक, विकासाचा ध्यास घेतलेला वगैरे. त्यात हमखास असतो ‘निर्व्यसनी’. ‘रस्ते केले’ असं छापायला जरा अडचण होते, कारण रस्ता तिथेच फ्लेक्सच्या बुडाशी खड्ड्यांसकट हजर असतो. निर्व्यसनीपणाचं तसं नाही, तो तपासायला कोण जातंय? तरी तो छापतात, कारण तो वाचून मतदार, त्यातही बायका, मनातल्या मनात दोन गुण वाढवून देतात हे उमेदवाराला पक्कं ठाऊक असतं. जिच्या घरात बाटली शिरली आहे तिला तो शब्द फार मोठा वाटतो. त्या बाईला हसणं मला कधी जमलेलं नाही.

आम्ही मराठी ख्रिस्ती लोक तर हे गुण जरा सढळ हातानेच देतो. आमचं घराणं मूळचं नगरकडचं, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणातलं. त्या वळणात दारू म्हणजे सरळ पाप, तिथे चर्चा नाही. प्रभुभोजनालाही, म्हणजे चर्चातल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीलाही, खरा द्राक्षारस (म्हणजे वाइन) नको म्हणून आई शनिवारी काळ्या मनुका निवडून, धुऊन पातेल्यात भिजत घालायची. पहाटे उठून त्या हातानं कुस्करायच्या, पंचातून पिळून गाळायच्या, जराशी साखर घालून एक उकळी द्यायची. तो तपकिरी रस काचेच्या बोटभर पेल्यांत ओतताना आईचा हात कधी हलला नाही. उरलेला चोथा आम्हा पोरांचा. पुढे लग्न होऊन पुण्यात आले आणि कॅम्पातल्या कॅथलिक शेजारणींशी ओळखी झाल्या. त्यांच्याकडे नाताळात घरी केलेली वाइन केकच्या ताटलीबरोबर पुढे येते, आणि त्या बायका आमच्या आईपेक्षा तसूभरही कमी भाविक नाहीत. काना गावच्या लग्नात प्रभू येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला, हे दोन्हीकडे वाचतात. आमच्याकडे तो अध्याय आला की पाळकसाहेब जरा घाईनं पुढे सरकतात, एवढाच फरक.

तेव्हा ‘प्यावी की नाही’ याचं एका ओळीतलं उत्तर शास्त्रात, म्हणजे बायबलात, शोधणाऱ्याची पंचाईत होते. प्रेषित पौल तर आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. (आपल्या राज्यात कायदा अजून १९४९चा, दारूबंदीचाच आहे. प्यायला परवाना लागतो, आणि नियमाप्रमाणे तो परवाना प्रकृती राखण्यासाठी म्हणून मिळतो. एवढे तीमथ्य एका महाराष्ट्रात असतील असं पौलाला वाटलं नसेल.) पण राज्यकर्त्याचा विषय निघाला की शास्त्राचा सूर एकदम बदलतो.

बायबलातल्या नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय आमच्यात सगळ्यांना तोंडपाठ असतो, म्हणजे त्याचा उत्तरार्ध. सद्गुणी स्त्रीचा. लग्नात वाचतात, सासूच्या पन्नाशीला वाचतात, बाई गेली की अंत्यविधीला वाचतात. पहाटे उठणारी, चरखा धरणारी, नवऱ्याची वेशीत मान उंचावणारी. या बाईपाशी पोचायच्या घाईत आधीच्या नऊ ओव्या सगळे ओलांडून जातात. त्या ओव्यांत एक आई आपल्या मुलाला झापते आहे. मुलगा साधासुधा नाही, लमुएल राजा आहे. ती म्हणते, द्राक्षारस पिणं राजांना शोभत नाही, मद्य कुठे आहे असं विचारणं अधिपतींना शोभत नाही. आणि लगेच कारण सांगते. प्यायला तर तू कायदा विसरशील, आणि पीडलेल्यांच्या न्यायाचा विपर्यास करशील.

हे कारण मला फार मोलाचं वाटतं. पोराची प्रकृती बिघडेल असं ती म्हणत नाही. घराण्याची अब्रू जाईल, लोक काय म्हणतील, हेही नाही. आणि हे आई म्हणून तिच्या तोंडी सहज आलं असतं. देव रागावेल असंसुद्धा नाही. तिच्या डोळ्यांपुढे दरबाराच्या दाराशी अर्ज घेऊन उभा असलेला कुणी गरीब माणूस आहे. त्याचं आज काय होईल, एवढ्यावर तिनं मुलाचा पेला काढून घेतला आहे.

या ओव्यांचा अर्थ मला चर्चात कळला नाही, मामांकडून कळला. मामा एका सरकारी कचेरीत शिपाई होते. साहेबाच्या दाराबाहेरच्या स्टुलावर त्यांची उभी हयात गेली. ते म्हणायचे, “अगं, सही सकाळी घ्यावी. जेवणानंतर साहेब असतात, पण नसतात.” साहेब दुपारी डबा खायला म्हणून बाहेर जायचे आणि चारला लालबुंद डोळ्यांनी परत यायचे. मग दार बंद. ज्यांना हे माहीत होतं ते सकाळी अकराला रांगेत असायचे. ज्यांना माहीत नव्हतं, म्हणजे एसटीनं तालुक्याहून येणारी विधवा, पेन्शनच्या कागदावर एका सहीसाठी तिसऱ्यांदा आलेला म्हातारा मास्तर, ते बरोबर दुपारी पोचायचे, कारण त्यांची गाडीच तेव्हा पोचायची. मामा त्यांना पाणी द्यायचे आणि उद्या या म्हणायचे. सहानंतर मात्र दार उघडायचं. तेव्हा येणाऱ्यांना एसटीनं यावं लागत नसे. ठेकेदारांच्या फायली संध्याकाळीच हलायच्या, आणि त्यावर सह्याही भरभर व्हायच्या.

“साहेब मनानं वाईट नव्हते,” असं मामा आजही म्हणतात. मला ते पटतं. त्या माणसानं म्हाताऱ्या मास्तरचं वाईट चिंतलं नसेल. त्याच्या दिवसाला दुपारनंतर गरिबासाठी जागाच उरत नव्हती, इतकंच. बायबलातला उपदेशक म्हणतो ना, ज्या देशाचे सरदार सकाळीच मेजवानीला बसतात त्या देशाला हाय हाय. आमच्या साहेबांनी निदान सकाळ सोडली होती.

त्यांची बदली झाली आणि दुसरे साहेब आले. हे आमच्याच धर्माचे, रविवारी पुढच्या बाकावर बसणारे, गीताचं पुस्तक न उघडता गाणारे. दारू नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. कचेरीतले ख्रिस्ती लोक आनंदले. महिनाभरात कळलं की यांच्याकडे पाकिटाशिवाय कागद टेबलावरून सरकत नाही, आणि हे सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तिन्ही त्रिकाळ पूर्ण शुद्धीत असतात. कुणाकडून किती यायचं राहिलं आहे ते यांना डायरी न उघडता पाठ. मामांना मी एकदा विचारलं, दोघांत बरा कोण? मामा म्हणाले, “पहिल्याकडे निदान सकाळ तरी होती.”

यावरून ‘पिणारा परवडला’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात, विशेषतः जे स्वतः घेतात ते. तो मला मान्य नाही. पण न पिणाऱ्याला आपण जे प्रशस्तिपत्रक हातोहात देऊन टाकतो, त्यावर पुन्हा विचार करायला हवा. शास्त्रात याची मोठी जबर गोष्ट आहे. संडेस्कूलमध्ये ती आम्हाला अर्धीच सांगितली, आणि ते बरोबरच होतं, पोरांना सांगण्यासारखी ती नाही.

दावीद राजा. फौज राब्बाला वेढा घालून बसली आहे आणि हा राजवाड्याच्या गच्चीवर फिरतो आहे. उरीया नावाच्या आपल्याच लढवय्याच्या बायकोला बोलावून घेतो, तिला दिवस जातात, आता झाकायचं कसं? उरीयाला आघाडीवरून बोलावतो, घरी जा, विश्रांती घे म्हणतो. उरीया जात नाही. म्हणतो, देवाच्या कराराचा कोश मांडवात आहे, माझा सेनापती आणि सोबती उघड्या मैदानात पडले आहेत, आणि मी घरी जाऊन खाऊ-पिऊ कसा? राजवाड्याच्या दाराशी शिपायांबरोबर झोपतो. दुसऱ्या दिवशी दावीद त्याला जेवायला बसवून मुद्दाम भरपूर पाजतो, इतकी की त्याला नशा चढते. तरी उरीया घराची पायरी चढत नाही. मग दावीद पत्र लिहितो, याला घनघोर लढाईत पुढे ठेवा आणि मागे सरका. ते पत्र उरीयाच्याच हाती देतो.

पत्र लिहिताना दावीद प्यायलेला होता असं शास्त्रात कुठेही नाही. हात स्थिर, डोकं शांत, योजना बिनचूक. अख्ख्या गोष्टीत झिंगलेला माणूस एकच आहे, आणि अख्ख्या गोष्टीत आपलं कर्तव्य लक्षात असलेला माणूसही तोच आहे. ही गोष्ट लिहिणाऱ्याला व्यसनमुक्तीचं भाषण करायचं असतं तर त्यानं ती अशी लिहिली नसती.

पुण्यात ही गोष्ट मला आठवली ती मे २०२४ मध्ये. १९ तारखेच्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीनं दोन तरुण अभियंत्यांना, एक मुलगा आणि एक मुलगी, उडवलं. दोघंही गेले. गाडी चालवणारा अल्पवयीन होता आणि दारू प्यायलेला होता असा आरोप झाला. जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध आला, तेव्हा सगळं शहर पेटलं, आणि ते योग्यच होतं. पण मला जास्त हादरा बसला पुढच्या आठवड्यात, जेव्हा रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातले डॉक्टर अटकेत गेले. खटल्यात काय ठरायचं ते ठरेल. आरोप जसा आहे तसा जरी घेतला, तरी त्यात पिणारी पोरं आहेत आणि बाकी सगळी मोठी, शिकलेली, त्या घडीला पूर्ण शुद्धीत असलेली माणसं आहेत. पीडलेल्यांच्या न्यायाचा विपर्यास म्हणजे काय, हे लमुएलच्या आईला याहून वेगळं सांगावं लागलं नसतं.

मग दारूचा मुद्दा सोडूनच द्यावा का? माझा भाचा म्हणतो तसं, “मावशी, तो रात्री घरी काय पितो हा त्याचा खासगी प्रश्न आहे, कामाचं बोल.” तुमच्या-माझ्यासारख्याचं हे ठीक आहे. राज्य करणाऱ्याला रात्र खासगी असते हेच मला पटत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा घरांच्या भिंती कोसळत होत्या, लोक अंधारात वाहून जात होते. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचा विसर्ग वाढून सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत पाणी शिरलं ते पहाटे, लोक झोपेत असताना. अशा वेळी कुणीतरी फोन उचलायचा असतो, आणि उचलल्यावर पलीकडचं वाक्य त्याला पहिल्या झटक्यात समजायचं असतं. नगरसेवक, आयुक्त, पालकमंत्री, कुणीही असो. ज्याला ती खुर्ची हवी त्यानं रात्रीवरचा हक्क सोडावा. कुणी बळजबरी केलेली नाही, अर्ज त्यानंच भरला आहे.

गंमत म्हणजे आपला कायदाही शुद्धीची अपेक्षा ठेवतो, पण मतदाराकडून. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणे मतदान संपायच्या आधीचे ४८ तास दारूची दुकानं बंद. मत देणारा भानावर हवा. (बाटल्यांच्या पेट्या त्याआधीच पोचलेल्या असतात हे कुठल्याही वस्तीतलं शेंबडं पोर सांगेल, ते सोडा.) निवडून आलेल्यानं पाच वर्षं भानावर असावं यासाठी मात्र ४८ तासांचीही तरतूद नाही.

पुढाऱ्याच्या तोंडात काय जातं याची चौकशी पुण्यानं पूर्वीही केलेली आहे, आणि तीही आमच्याच अंगणात. गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन, जिथे पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा आहे, तिथे १८९० साली व्याख्यानाच्या निमित्तानं शहरातले नामांकित लोक जमले आणि मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. रानडे, टिळक, गोखले, सगळे त्यात. गोपाळराव जोशांनी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान) उपस्थितांची नावं छापून आणली आणि पुण्यात रणकंदन माजलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा! आज आपण हसतो. मात्र हे वाचताना मला मत्तयाच्या १५ व्या अध्यायातलं प्रभूचं वचन आठवतं, की तोंडात जे जातं ते माणसाला विटाळवत नाही, तोंडातून जे निघतं ते विटाळवतं. पंचहौदावाल्या मिशनऱ्यांनी ते वचन त्या दिवशी ऐकवलं असतं तर बिस्किटं अजूनच महागात पडली असती.

हेच सूत्र घेऊन लमुएलच्या आईकडे परत गेलं की तिचं बोलणं पुरं होतं. कारण ती ‘पिऊ नकोस’वर थांबत नाही. तिच्या शेवटच्या दोन ओव्या अशा आहेत की, जो मुका आहे त्याच्यासाठी आपलं तोंड उघड, जे अनाथ आहेत त्यांच्या हक्कासाठी बोल, दीनदुबळ्यांचा न्याय कर. आधी तोंड बंद ठेव म्हणते, मग उघड म्हणते. पहिल्या अर्ध्यावर खूष होऊन घरी जाणारे आम्ही, दुसऱ्या अर्ध्याला कुणाला जाब विचारत नाही.

ज्यांनी दोन्ही अर्धे पाळले अशी माणसं या शहरानं पाहिली आहेत. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध पालिकेलाच पत्र लिहिलं. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा माणूस ख्रिस्ती झाला नाही, आणि आमच्यातले काही जण त्याबद्दल अजून हळहळतात. मला ती हळहळ अनाठायी वाटते. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकारानं याच पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं झाली. आणि पंडिता रमाबाई. त्यांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून पुण्यानं त्यांना काय काय ऐकवलं ते सर्वश्रुत आहे. १८९७ च्या प्लेगात शहरावर जे गोरे अधिकारी हुकूम चालवत होते ते रमाबाईंच्याच धर्माचे, रविवारी चर्चात जाणारे. रमाबाईंनी उघडपणे वर्तमानपत्रात पत्र लिहून प्लेगच्या रुग्णालयात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर बोट ठेवलं. सरकारला ते झोंबलं. रमाबाईंना पद नव्हतं, मत नव्हतं. तोंड तेवढं होतं. राज्यकर्ता ‘आपल्यातला’ असला की आम्ही जे गप्प बसतो, त्यावर रमाबाईंचं ते एक पत्र मला पुरेसं उत्तर वाटतं.

आता थोडं आमच्या चर्चाविषयी. निवडणूक आली की इच्छुक मंडळी उपासना संपायच्या बेतानं येतात. गुच्छ असतो, दोन कार्यकर्ते फोटोला असतात. सेक्रेटरी त्यांना माईक देतात. गेल्या खेपेला एकानं छातीवर हात ठेवून सांगितलं की मी सुपारीचंही खांड खात नाही, तुमच्या येशूची शिकवण मला फार आवडते. बाकाबाकावर माना डोलल्या. माझ्या शेजारच्या काकू तर “किती सालस आहे” म्हणून गहिवरल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं की आमच्या वस्तीत पाणी रात्री दोनला येतं, ते तुम्हाला माहीत आहे का, आणि झोपडपट्टीची नोटीस आली तेव्हा तुम्ही कुठे होतात? उमेदवार हसून म्हणाले, बाहेर बोलू. सेक्रेटरींनी माईक घेतला आणि घोषणा वाचायला सुरुवात केली. नंतर चहाच्या वेळी कमिटीतले दोघेतिघे त्या पोरीवरच नाराज. देवाच्या घरात राजकारण कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मला त्यांचं आश्चर्य वाटलं. माईक दिला तेव्हा राजकारण नव्हतं, प्रश्न आला तेव्हा झालं. पौल सांगतो राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, ती आम्ही दर रविवारी न चुकता करतो, ‘त्यांना सुबुद्धी दे’. सुबुद्धी मिळाली की नाही हे पाहायचं कामही मग आमच्याचकडे येतं. त्याच पौलानं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अध्यक्षासाठी घातलेल्या अटी आम्ही पाळकसाहेबांना काटेकोर लावतो. मद्यपी नसावा हे त्यात आहे, पण त्याच दमात मारका नसावा, द्रव्यलोभी नसावा, नेमस्त असावा हेही आहे. उमेदवार आला की यादीतली तेवढी एक ओळ वाचून आम्ही कागद घडी करतो.

मला स्वतःला जुन्या करारातला शमुवेल संदेष्ट्याचा निरोपसमारंभ आवडतो. म्हातारा झाला, केस पिकले, कारभार सोडताना सगळ्या इस्राएलापुढे उभा राहून म्हणतो, माझ्यावर आरोप करा. मी कुणाचा बैल घेतला? कुणाचं गाढव घेतलं? कुणावर जुलूम केला? कुणाच्या हातून लाच घेऊन डोळे झाकले? सांगा, परत करतो. लोक म्हणतात, नाही, तू काही घेतलं नाहीस. मत मागायला नव्हे, जाताना हिशेब द्यायला तो उभा राहिला. असा एखादा माजी नगरसेवक मुदत संपल्यावर, गुच्छ आणि कार्यकर्ते न आणता, आमच्याकडे येऊन असं विचारेल, तर त्याच्या व्यसनाविषयी मी एक अक्षर काढणार नाही. त्या पोरीला मात्र पुढच्या बाकावर बसवीन. माईक साडेदहानंतर मोकळा असतो.